काँग्रेस आणि भारतीय जनता पक्ष : भेद आणि साम्य
(यवतमाळ जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

भारतीय राष्ट्रीय काँग्रेस आणि भारतीय जनता पक्ष हे देशाच्या राजकारणातील दोन प्रमुख पक्ष होत. त्यांच्यातील फरकाची चर्चा सहसा राष्ट्रीय पातळीवर आणि विचारप्रणालीच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखात हीच तुलना यवतमाळ या कापूस उत्पादक जिल्ह्याच्या संदर्भात केली आहे. उगम, राष्ट्रकल्पना, संघटनेची बांधणी आणि शेतीविषयक साधनांची निवड या चार बाबतींत दोन्ही पक्षांत खरा आणि महत्त्वाचा भेद आढळतो. मात्र हमीभाव, कापसाची आयात-निर्यात, कर्जमाफी आणि स्वतंत्र विदर्भ या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याच्या प्रश्नांवर पक्षांची भूमिका पक्षाच्या नावापेक्षा त्याच्या स्थानावरून, म्हणजे तो सत्तेत आहे की विरोधात यावरून, अधिक ठरते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : काँग्रेस, भाजप, यवतमाळ, कापूस, हमीभाव, कर्जमाफी, विदर्भ

१. प्रस्तावना

संसदीय लोकशाहीत राजकीय पक्ष हे जनता आणि शासन यांना जोडणारा दुवा मानले जातात. पक्ष मतदारांपुढे पर्याय ठेवतात, मतदार त्यांतून निवड करतात आणि निवडलेल्या पर्यायानुसार धोरण बदलते, अशी या व्यवस्थेमागील अपेक्षा आहे. ही अपेक्षा प्रत्यक्षात कितपत पूर्ण होते, हे तपासण्यासाठी पक्षांचे जाहीरनामे वाचणे पुरेसे नाही. एखाद्या विशिष्ट प्रदेशातील लोकांच्या जगण्याशी निगडित प्रश्नावर त्या पक्षांनी सत्तेत असताना आणि सत्तेबाहेर असताना काय केले, हे पाहावे लागते.

या दृष्टीने यवतमाळ जिल्हा अभ्यासास विशेष उपयुक्त आहे. वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक हे काँग्रेसचे दोन मुख्यमंत्री या जिल्ह्यातील पुसदचे. दीर्घकाळ काँग्रेसचा बालेकिल्ला मानल्या गेलेल्या या जिल्ह्यात २०१४ नंतर भाजप प्रथम क्रमांकाचा पक्ष झाला. दुसरीकडे, कोरडवाहू कापसावर अवलंबून असलेल्या या जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर पोहोचले. राजकीय पक्ष बदलला, पण कापूस उत्पादकाचा मूळ प्रश्न कायम राहिला. हे असे का झाले, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

२. उद्दिष्टे व मर्यादा

(१) काँग्रेस आणि भाजप यांच्यातील वैचारिक व संघटनात्मक भेद स्पष्ट करणे.
(२) यवतमाळ जिल्ह्याच्या प्रमुख प्रश्नांवरील त्यांच्या भूमिकांतील साम्य शोधणे.
(३) या साम्याची कारणमीमांसा करणे.

लेखाची पद्धती वर्णनात्मक व तुलनात्मक आहे. शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस या पक्षांनाही जिल्ह्यात भक्कम आधार आहे. तथापि विषयाच्या मर्यादेमुळे त्यांचा उल्लेख आवश्यक तेथेच केला आहे.

३. जिल्ह्याची राजकीय पार्श्वभूमी

जिल्ह्याच्या राजकीय परंपरेचा आरंभ वणी येथे जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांच्यापासून मानला जातो. टिळकपरंपरेतील हे नेते काँग्रेसमध्ये होते; पण जातीय निवाड्याच्या प्रश्नावर मतभेद झाल्याने त्यांनी १९३४ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासमवेत काँग्रेस राष्ट्रीय पक्षाची स्थापना केली. पुढे ते स्वतंत्र विदर्भाचे पुरस्कर्ते म्हणून ओळखले गेले. स्वातंत्र्योत्तर काळात जांबुवंतराव धोटे यांनी फॉरवर्ड ब्लॉकच्या माध्यमातून काँग्रेसला आव्हान दिले आणि १९८० मध्ये ते काँग्रेसच्याच उमेदवारीवर नागपुरातून लोकसभेत गेले. पक्षनिष्ठेपेक्षा प्रदेशाचा प्रश्न मोठा मानणारी एक धारा या जिल्ह्यात पूर्वीपासून आहे, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

काँग्रेसच्या वर्चस्वाचा खरा काळ वसंतराव नाईक यांचा. ते ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ या काळात मुख्यमंत्री होते. त्यापूर्वी त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवर महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांची रचना उभी राहिली आणि १९६२ पासून ती अमलात आली. बंजारा समाजातील नेत्याला राज्याचे सर्वोच्च पद मिळाल्याने विमुक्त-भटक्या समूहांमध्ये काँग्रेसविषयी आपलेपणा निर्माण झाला, त्याचा लाभ पक्षाला अनेक दशके मिळाला.

भाजपचा प्रवेश टप्प्याटप्प्याने झाला. १९९६ मध्ये यवतमाळ लोकसभा मतदारसंघ भाजपने जिंकला. १९९८ व १९९९ मध्ये तो पुन्हा काँग्रेसकडे गेला आणि २००४ मध्ये परत भाजपकडे आला. पुनर्रचनेनंतर, २००९ पासून जिल्ह्यात विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत : वणी, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद आणि उमरखेड. यांपैकी राळेगाव व आर्णी अनुसूचित जमातींसाठी, तर उमरखेड अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. पुनर्रचनेनंतरच्या चार सार्वत्रिक निवडणुकांचे निकाल असे :

२००९ : काँग्रेस ५, भाजप ०, शिवसेना १, राष्ट्रवादी काँग्रेस १
२०१४ : काँग्रेस ०, भाजप ५, शिवसेना १, राष्ट्रवादी काँग्रेस १
२०१९ : काँग्रेस ०, भाजप ५, शिवसेना १, राष्ट्रवादी काँग्रेस १
२०२४ : काँग्रेस १, भाजप ३, शिवसेना १, शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) १, राष्ट्रवादी काँग्रेस १

२००९ आणि २०१४ या दोन ओळी लक्षपूर्वक पाहण्यासारख्या आहेत. काँग्रेसच्या पाचही जागा भाजपकडे गेल्या. दिग्रस व पुसद मात्र अनुक्रमे शिवसेना व राष्ट्रवादी काँग्रेसकडेच राहिले. २०१४ मध्ये चारही प्रमुख पक्ष स्वतंत्रपणे लढले होते, तर अन्य तीन निवडणुका आघाडी व युतीच्या चौकटीत झाल्या, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. तरीही जिल्ह्याच्या राजकीय नकाशात इतका संपूर्ण बदल क्वचितच घडतो. एवढ्या मोठ्या पक्षबदलाबरोबर धोरणबदल किती झाला, हे पाहण्यापूर्वी दोन्ही पक्षांतील भेद समजून घेणे आवश्यक आहे.

४. भेद

४.१ उगम आणि राष्ट्रकल्पना

काँग्रेसची स्थापना १८८५ मध्ये झाली. वसाहतवादी सत्तेविरुद्ध निरनिराळ्या प्रांतांतील, धर्मांतील व वर्गांतील लोकांना एका व्यासपीठावर आणणे हे तिचे कार्य होते. त्यामुळे विविधतेचा समन्वय हा तिच्या राष्ट्रकल्पनेचा पाया ठरला. १९२० च्या नागपूर अधिवेशनात भाषावार प्रांतिक समित्यांचे तत्त्व स्वीकारण्यात आले, ते याच भूमिकेतून.

भाजपची स्थापना ६ एप्रिल १९८० रोजी झाली; तथापि त्याची परंपरा १९५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जनसंघाकडे आणि १९२५ मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाकडे जाते. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांचा एकात्म मानवदर्शनाचा विचार पक्षाच्या घटनेत मूलभूत तत्त्वज्ञान म्हणून स्वीकारलेला आहे. समान सांस्कृतिक वारसा हा राष्ट्राचा आधार आहे, ही या पक्षाची धारणा. कलम ३७०, समान नागरी कायदा आणि अयोध्या या तीन प्रश्नांवरील भाजपची भूमिका याच धारणेतून आली. काँग्रेसची भूमिका या प्रश्नांवर स्पष्टपणे निराळी राहिली आहे. हा भेद वरवरचा नसून तो नागरिकत्व, धर्म आणि राज्यसंस्था यांच्या परस्परसंबंधांविषयीचा आहे.

४.२ संघटनेची बांधणी

ग्रामीण महाराष्ट्रात काँग्रेसची ताकद पक्षकार्यालयापेक्षा संस्थांमध्ये होती. जिल्हा परिषद, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, खरेदी-विक्री संघ, बाजार समिती आणि शिक्षणसंस्था यांतून कार्यकर्ता घडत असे व मतदार जोडला जात असे. रजनी कोठारी यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या ‘काँग्रेस व्यवस्थे’च्या कल्पनेत पक्षांतर्गत गटांची स्पर्धा हाच पक्षाच्या टिकाऊपणाचा आधार सांगितला आहे. यवतमाळातही पुसद, दारव्हा, वणी, यवतमाळ असे काँग्रेसचे वेगवेगळे गट होते आणि विरोधी पक्षाचे बरेचसे काम हे गटच एकमेकांविरुद्ध करीत. सहकारी संस्था दुबळ्या झाल्या तेव्हा या बांधणीचा आधारच खचला.

भाजपची बांधणी याहून भिन्न आहे. विद्यार्थी परिषद, भारतीय किसान संघ, वनवासी कल्याण आश्रम यांसारख्या संघपरिवारातील संस्था निवडणुकीच्या राजकारणाबाहेर राहून दीर्घकाळ काम करतात व त्यातून पक्षाला कार्यकर्ता मिळतो. मतदान केंद्रापर्यंत पोहोचणारी रचना हे या पक्षाचे बलस्थान आहे. २०१४ नंतर मात्र भाजपनेही मोठ्या प्रमाणावर अन्य पक्षांतील नेत्यांना प्रवेश दिला. त्यामुळे जिल्हा पातळीवर दोन्ही पक्षांच्या संघटनांतील अंतर पूर्वीइतके राहिलेले नाही.

४.३ सामाजिक आधार आणि भाषा

काँग्रेसचा आधार मराठा-कुणबी, बंजारा, आदिवासी, दलित आणि मुस्लिम अशा समूहांच्या आघाडीवर उभा होता. भाजपने महाराष्ट्रात माळी, धनगर व वंजारी या इतर मागास समूहांना एकत्र आणणारे सूत्र प्रथम अवलंबिले आणि पुढे कुणबी, बंजारा व आदिवासी समाजांतही प्रवेश केला.

भेदाचे एक सूक्ष्म उदाहरण भाषेत सापडते. गोंड, कोलाम, परधान, आंध या जमाती जिल्ह्यात मोठ्या संख्येने आहेत. काँग्रेसच्या परिभाषेत ते ‘आदिवासी’ आहेत. संघपरिवारात ‘वनवासी’ हा शब्द रूढ आहे. पहिल्या शब्दात मूळ रहिवासी म्हणून असलेल्या हक्काचा निर्देश आहे, तर दुसऱ्यात व्यापक समाजाचा वनात राहणारा घटक असा अर्थ आहे. २००६ चा वनहक्क कायदा काँग्रेसप्रणीत सरकारने केला, तर कोलामांसारख्या अतिमागास जमातींसाठी २०२३ मध्ये ‘पीएम-जनमन’ ही योजना भाजपप्रणीत सरकारने आणली. पहिल्याचा भर जमिनीच्या कायदेशीर हक्कावर, दुसऱ्याचा घरे, रस्ते, पाणी अशा सुविधा पोहोचविण्यावर आहे.

४.४ शेतीविषयक साधनांची निवड

नाईक यांच्या काळातील काँग्रेस राज्यसंस्थेच्या थेट हस्तक्षेपावर विश्वास ठेवणारी होती. महाराष्ट्र कच्चा कापूस अधिनियम १९७१ मध्ये आला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस राज्यालाच विकावयाचा व राज्याने तो पूर्ण घ्यावयाचा, असे तिचे स्वरूप होते. भावाची शाश्वती ही या योजनेची जमेची बाजू. चुकाऱ्यास होणारा विलंब, प्रतवारीविषयीच्या तक्रारी आणि वाढता तोटा ही तिची उणी बाजू. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने विदर्भात या सक्तीविरुद्ध मोठे आंदोलन उभे केले. २००२ मध्ये एकाधिकार संपुष्टात आला, तो काँग्रेस आघाडीच्याच कारकीर्दीत.

भाजपचा भर शेतकऱ्याच्या बँक खात्यावर थेट रक्कम जमा करण्यावर आणि विम्यावर राहिला. २०१६ ची पंतप्रधान पीक विमा योजना, २०१९ ची वार्षिक ६,००० रुपयांची पीएम-किसान योजना आणि तिला जोडून राज्याने २०२३ मध्ये आणलेली तेवढ्याच रकमेची नमो शेतकरी महासन्मान योजना ही त्याची उदाहरणे होत. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळ येथील कार्यक्रमातूनच पीएम-किसानचा सोळावा हप्ता देशभर वितरित झाला. काँग्रेसचे साधन बाजारात उतरणारे होते, तर भाजपचे साधन बाजाराला हात न लावता शेतकऱ्याला पूरक रक्कम देणारे आहे.

५. साम्य

५.१ हमीभाव : सत्तेतील आणि विरोधातील भाषा

डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने २००६ मध्ये उत्पादन खर्चावर किमान ५० टक्के अधिक हमीभाव द्यावा, अशी शिफारस केली. या शिफारशीचा पुढील प्रवास दोन्ही पक्षांच्या तुलनेसाठी अत्यंत बोलका आहे.

२०१० मध्ये काँग्रेसप्रणीत सरकारने राज्यसभेत असे स्पष्टीकरण दिले, की खर्चावर ५० टक्के वाढ सरसकट लागू केल्यास बाजारव्यवस्थेत विकृती येईल. भाजपने २०१४ च्या जाहीरनाम्यात ५० टक्के नफ्याचे आश्वासन दिले. २० मार्च २०१४ रोजी नरेंद्र मोदी यांनी आर्णी तालुक्यातील दाभडी येथे ‘चाय पे चर्चा’ या कार्यक्रमात शेतकऱ्यांशी संवाद साधला, तोही याच प्रश्नावर. सत्तांतरानंतर, फेब्रुवारी २०१५ मध्ये, भाजपप्रणीत सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले व त्यातही बाजारातील विकृतीचेच कारण पुढे केले. पुढे २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाचे सूत्र स्वीकारण्यात आले. परंतु खर्चाची मोजणी प्रत्यक्ष खर्च अधिक कुटुंबाचे श्रम एवढ्यापुरतीच ठेवण्यात आली. स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरील व्याज धरणारा सर्वसमावेशक खर्च त्यात आला नाही. विरोधात गेलेल्या काँग्रेसने २०२४ मध्ये स्वामीनाथन शिफारशीनुसार हमीभावाची कायदेशीर हमी देण्याचे वचन दिले.

भूमिकांची ही अदलाबदल प्रत्यक्ष आकड्यांतही दिसते. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव (रुपये प्रति क्विंटल) पुढीलप्रमाणे होता :

२००७-०८ : २,०३०
२००८-०९ : ३,०००
२००९-१० व २०१०-११ : ३,०००
२०१३-१४ : ४,०००
२०१७-१८ : ४,३२०
२०१८-१९ : ५,४५०
२०१९-२० : ५,५५०

काँग्रेसप्रणीत सरकारच्या काळातील सर्वांत मोठी वाढ (सुमारे ४८ टक्के) २००८-०९ च्या हंगामासाठी, म्हणजे २००९ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वीच्या हंगामासाठी झाली; पुढील दोन हंगामांत एका रुपयाचीही वाढ झाली नाही. भाजपप्रणीत सरकारने पहिल्या चार हंगामांत मिळून ३२० रुपयांची वाढ केली आणि २०१९ च्या निवडणुकीपूर्वीच्या हंगामात एकदम १,१३० रुपयांची (सुमारे २६ टक्के) केली. त्यानंतरची वाढ १०० रुपयांची होती. निवडणूक हेच या वाढीचे एकमेव कारण होते, असे म्हणता येणार नाही. २०१४ च्या निवडणुकीपूर्वी वाढ केवळ १०० रुपयांची होती, हा अपवादही नोंदविला पाहिजे. तरीही दोन भिन्न विचारांच्या सरकारांचा आलेख इतका सारखा असावा, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

५.२ आयात-निर्यात धोरण

हमीभावाचा लाभ सर्व कापसाला मिळत नाही. बराच कापूस खुल्या बाजारात विकला जातो. तेथील भाव आयात-निर्यात धोरणावर अवलंबून असतो. जुलै २००८ मध्ये काँग्रेसप्रणीत सरकारने कापसावरील आयात शुल्क काढून टाकले. मार्च २०१२ मध्ये त्याच सरकारने निर्यातबंदी केली. तेव्हा गुजरातचे मुख्यमंत्री असलेल्या नरेंद्र मोदी यांनी कापूस उत्पादकांच्या वतीने तिला विरोध केला होता. भाजपप्रणीत सरकारने २०२१ मध्ये आयात शुल्क पुन्हा लावले. पण २०२२ मध्ये भाव चढताच काही महिन्यांसाठी ते माफ केले. ऑगस्ट २०२५ मध्ये, नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर, पुन्हा शुल्कमाफी दिली आणि ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविली. या वेळी टीका करण्याची पाळी काँग्रेसची होती.

दोन्ही सरकारांपुढील पेच एकच होता. कापूस हा शेतकऱ्याचा पक्का माल असला तरी वस्त्रोद्योगाचा कच्चा माल आहे. भाव चढले की गिरण्या व निर्यातदार अडचणीत येतात. भाव उतरले की शेतकरी. दोन्ही पक्षांनी सत्तेत असताना पहिली अडचण अधिक तातडीची मानली.

५.३ कर्जमाफी आणि रोख मदत

२००८ मध्ये केंद्रातील काँग्रेसप्रणीत सरकारने कर्जमाफी जाहीर केली. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांस पूर्ण माफी आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यांस एकरकमी परतफेडीवर सवलत, असे तिचे स्वरूप होते. बागायती प्रदेशात दोन हेक्टर ही मोठी धारणा ठरते. यवतमाळसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात मात्र त्याहून अधिक जमीन असलेला शेतकरीही कर्जबाजारी असतो. त्यामुळे ज्यांच्या दुःखाचा दाखला देऊन योजना आली, त्यांतील अनेक जण पूर्ण माफीच्या कक्षेबाहेर राहिले.

कर्जमाफी हा उपाय नव्हे, अशी भूमिका सत्तेच्या आरंभी घेणाऱ्या भाजपच्या राज्य सरकारने २०१७ च्या शेतकरी संपानंतर दीड लाखापर्यंतची माफी जाहीर केली. २०१९ च्या अखेरीस काँग्रेस ज्यात सहभागी होती त्या महाविकास आघाडी सरकारने ही मर्यादा दोन लाखांवर नेली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत तर दोन्ही आघाड्यांनी कर्जमाफीचे वचन दिले. महिलांना मासिक रक्कम देण्यातही स्पर्धा लागली. महायुतीने लाडकी बहीण योजनेतील १,५०० रुपये २,१०० करण्याचे, तर महाविकास आघाडीने ३,००० रुपये देण्याचे आश्वासन दिले. तत्त्वाचा प्रश्न येथे रकमेच्या प्रश्नात रूपांतरित झाला.

५.४ स्वतंत्र विदर्भ

फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाच्या स्वतंत्र राज्याची शिफारस केली होती. काँग्रेस नेतृत्वाने ती स्वीकारली नाही. भाजपने १९९७ मध्ये भुवनेश्वर येथे स्वतंत्र विदर्भास अनुकूल ठराव केला. परंतु २००० मध्ये वाजपेयी सरकारने छत्तीसगड, झारखंड व उत्तराखंड ही राज्ये निर्माण केली तेव्हा विदर्भ त्यांत नव्हता. मित्रपक्ष शिवसेनेचा त्यास विरोध होता. काँग्रेसप्रणीत सरकारने २०१४ मध्ये तेलंगणाची निर्मिती केली, तेव्हाही विदर्भाचा विचार झाला नाही. पैनगंगेच्या एका तीरावरील आदिलाबाद नव्या राज्यात गेले आणि दुसऱ्या तीरावरील यवतमाळ आहे तेथेच राहिले. छोट्या राज्यांना दोन्ही पक्षांचा विरोध नाही. राज्याच्या सत्तेचे गणित बिघडणार असेल तेथे मात्र दोघांचीही पावले थबकली.

५.५ जिल्ह्याचा प्रतीक म्हणून वापर

जुलै २००८ मध्ये लोकसभेतील विश्वासदर्शक ठरावावर बोलताना राहुल गांधी यांनी जळका येथील एका शेतकरी विधवेचा उल्लेख केला. ऑगस्ट २०२३ मध्ये अविश्वास ठरावावरील चर्चेत अमित शहा यांनी त्याच महिलेचा उल्लेख करून आपल्या सरकारने तिला दिलेल्या लाभांचा दाखला दिला. पंधरा वर्षांच्या अंतराने दोन पक्षांनी एकाच घराचा आधार घ्यावा, यातून या जिल्ह्याचे राष्ट्रीय राजकारणातील स्थान स्पष्ट होते. दाखला म्हणून जिल्हा दोघांनाही हवा असतो. कापसाचे धोरण आखताना मात्र त्याचा आवाज क्षीण असतो.

६. साम्याची कारणमीमांसा

पहिले कारण निवडणूक स्पर्धेचे आहे. अँथनी डाऊन्स यांनी १९५७ मध्ये दाखविल्याप्रमाणे, दोन मोठे पक्ष बहुसंख्य मतदारांच्या दिशेने सरकत गेले की त्यांची धोरणे एकमेकांजवळ येतात. ऑटो कर्खहायमर यांनी वर्णन केलेला सर्वसमावेशक पक्ष हाही सर्व वर्गांची मते मिळविण्यासाठी आर्थिक भूमिका बोथट करतो. शेतकरी आणि गिरणीमालक, उत्पादक आणि ग्राहक हे सर्वच ज्यांना मतदार म्हणून हवेत, ते पक्ष भावाच्या प्रश्नावर निःसंदिग्ध बाजू घेत नाहीत.

दुसरे कारण संरचनात्मक आहे. हमीभाव व आयात-निर्यात हे निर्णय केंद्रात होतात. जिल्ह्यातील सात आमदारांचा त्यावर प्रभाव नाही. लोकसभेच्या दृष्टीने तर हा जिल्हा यवतमाळ-वाशीम, चंद्रपूर व हिंगोली अशा तीन मतदारसंघांत विभागलेला आहे. त्यामुळे जिल्ह्याचा एकमुखी आवाज संसदेत उमटत नाही.

तिसरे कारण पक्षांतराचे. १९८५ ची बावन्नावी घटनादुरुस्ती काँग्रेस सरकारने, तर २००३ ची एक्याण्णवावी घटनादुरुस्ती भाजपप्रणीत सरकारने पक्षांतर रोखण्यासाठीच केली. तरीही नेते व कार्यकर्ते एका पक्षातून दुसऱ्या पक्षात जात राहिले. माणसे तीच राहिली की स्थानिक कार्यशैलीही तीच राहते.

चौथे कारण मतदारांच्या बाजूचे आहे. विधानसभेच्या निवडणुकीत शेतकरी हा शेतकरी म्हणून एकत्रितपणे मतदान करीत नाही. जात, गट, उमेदवाराशी असलेला संबंध यांचा प्रभाव अधिक असतो. शेतकरी संघटनेने १९८० च्या दशकात भावाचा प्रश्न राजकारणाच्या केंद्रस्थानी आणला खरा, परंतु त्याचे स्थायी निवडणूक-शक्तीत रूपांतर झाले नाही. भावाच्या प्रश्नावर पराभव होण्याची भीती नसेल, तर कोणताही पक्ष त्यावर दीर्घकाळ ठाम राहत नाही.

७. निष्कर्ष

(१) काँग्रेस आणि भाजप यांच्यात भेद नाही, हे विधान चुकीचे आहे. राष्ट्रकल्पना, धर्म व राज्यसंस्था यांचा संबंध, संघटना आणि शेतीसाठी निवडलेली साधने यांत त्यांचा भेद मूलभूत आहे आणि नागरिकाच्या जीवनावर त्याचे परिणाम होतात.

(२) कापसाचा भाव, आयात-निर्यात, कर्जमाफी आणि स्वतंत्र विदर्भ या प्रश्नांवर मात्र पक्षाचे नाव पाहून त्याच्या भूमिकेचा अंदाज येत नाही. तो सत्तेत आहे की विरोधात, हे पाहिल्यास बऱ्याच अंशी येतो.

(३) म्हणून २००९ ते २०१४ या काळात जिल्ह्याने केलेला पक्षबदल हा मतदारांच्या असंतोषाचा स्पष्ट आविष्कार होता. परंतु कापूसधोरणाच्या मर्यादेत तो पर्यायाची निवड ठरू शकला नाही. २०२४ च्या निकालात भाजपच्या जागा पाचवरून तीनवर येणे आणि काँग्रेसला यवतमाळची एक जागा मिळणे, यांकडेही याच दृष्टीने पाहावे लागेल.

(४) राज्यशास्त्राच्या अध्यापनात पक्षांची तुलना साधारणपणे स्थापना, घटना, जाहीरनामा व नेतृत्व या मुद्द्यांवर केली जाते. त्याबरोबरच एकाच प्रश्नावर एकाच पक्षाने सत्तेत असताना आणि विरोधात असताना घेतलेल्या भूमिका शेजारी ठेवून शिकविल्यास विद्यार्थ्यांना पक्षव्यवस्थेचे वास्तव अधिक चांगले कळेल. यवतमाळ जिल्ह्यातील विद्यार्थी बहुसंख्येने कापूस उत्पादकांच्या घरांतून येतात. त्यांच्या घरी दरवर्षी होणारा भावाचा हिशोब आणि वर्गात शिकविला जाणारा पक्षव्यवस्थेचा पाठ यांचा संबंध जोडून दाखविणे, हे या विषयाच्या प्राध्यापकांचे कर्तव्य आहे.